उमेदवारी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारेटे फोडायचे, त्याचा कडू रस जिभेच्या टोकाला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही आमच्या घरची रीत. हल्लीच्या मुलांना ती आवडत नाही. आम्हालाही कधी आवडली नव्हती. पण गोडाआधी जिभेला कडूची ओळख असावी, असे आमची आजी म्हणे. आज मी जे लिहिणार आहे ते वाचकांनी त्या कारेट्याच्या रसासारखे घ्यावे. पुढची पाने उलटली की करंज्या आहेतच.

गोष्ट अशी झाली. आमच्या जिल्ह्यातील एका इंजिनियरिंग कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला चित्रकलास्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. प्रमुख पाहुणे पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतील बडे अधिकारी होते. माणूस देखणा, बोलणे आर्जवी. समोर शेवटच्या वर्षाची तीन-चारशे मुले बसलेली. त्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि त्यांच्यापैकी एका मुलीने उभे राहून तो विचारलाही : "सर, कोडिंग आता एआय करतं. मग आमचं काय?"

पाहुणे हसले. म्हणाले, "यंत्र तुमची नोकरी घेणार नाही. यंत्र वापरता येणारा माणूस तुमची नोकरी घेईल. तो माणूस तुम्ही व्हा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगी खाली बसली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका हातात नारळ आणि दुसऱ्यात शाल होती ही सबब खरी आहे, परंतु ते काही कारण नव्हे.

हे वाक्य त्यानंतर मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. ते इतके गुळगुळीत आहे की कोणताही प्रश्न त्यावरून घसरून जावा. मुलीने विचारले होते, मला कामावर कोण घेणार? उत्तर मिळाले, तू शहाणी हो! पोटाचा प्रश्न विचारणाऱ्याला शहाणपणाचा उपदेश करावयाचा ही युक्ती फार जुनी आहे, आणि ज्याची स्वतःची खुर्ची पक्की असते तोच ती नेहमी वापरतो. यंत्र वापरता येणारा माणूस व्हा, ठीक. पण ते यंत्र चालवणारा शहाणा माणूस तयार कोठे व्हायचा? कॉलेजात? त्या कॉलेजात काय शिकवले जाते हे त्या पाहुण्यांना ठाऊक होते, प्राचार्यांना ठाऊक होते, आणि मुलांना तर सर्वांत जास्त ठाऊक होते.

"मास्तर, तुम्हाला यातले काय कळते?" असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तीही आजोबांची अकरावीची मॅट्रिक नव्हे, दहावीची. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, ड्रॉइंग-मास्तर झालो आणि फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. संगणकाला कोणती भाषा समजते ते मला ठाऊक नाही. परंतु नवखा माणूस हळूहळू जाणता कसा होतो, एवढी एक गोष्ट मी वीस वर्षे रोज पाहत आलो आहे. आणि मला जे म्हणावयाचे आहे ते त्याविषयीच आहे.

आपल्या भाषेत 'उमेदवारी' असा एक सुंदर शब्द होता. हल्ली तो निवडणुकीपुरता उरला आहे. कोणाची उमेदवारी जाहीर झाली आणि कोणाची कापली गेली एवढेच आपण त्याच्याबद्दल वाचतो. पूर्वी उमेदवारी म्हणजे वकिलाच्या कचेरीत, सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात नाही तर सुताराच्या कारखान्यात पहिली काही वर्षे पडेल ते हलके काम करीत धंदा शिकणे. पगार बेताचा, बोलणी पुष्कळ. पण त्या हलक्या कामातूनच हात तयार होई.

माझे वडील वाईच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. ते सांगत की पहिले वर्षभर त्यांच्या हाती कंपोझची स्टिक कोणी दिलीच नाही. छापून झालेला मजकूर सोडवायचा आणि एकेक खिळा पुन्हा पेटीतल्या आपापल्या घरात टाकायचा, एवढेच काम. देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे लागत, आणि ते उलटे वाचावे लागत. किती कंटाळवाणे काम! पण वर्षभराने वडिलांच्या बोटांना 'क्ष' कुठे आणि 'ऱ्ह' कुठे हे डोळे मिटून कळू लागले. त्यांना कोणी शिकवले नव्हते. ते टाकाऊ काम हीच त्यांची शाळा होती.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातली उमेदवारी याहून वेगळी नव्हती. नवा मुलगा लागला की त्याला कोणी बँकेचा अख्खा कारभार चालवणारा प्रोग्रॅम लिहायला देत नसत. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधली बारीकशी चूक शोध, एखाद्या अर्जाच्या पानावर एक रकाना वाढव, वरिष्ठाने केलेले काम बरोबर चालते की नाही ते दहा प्रकारे तपासून पाहा, असली कामे. इकडची विटी तिकडे. पण असे दोन-तीन वर्षे दुसऱ्यांचे लिहिलेले वाचता वाचता, स्वतः चुका करून रात्र रात्र त्या शोधता शोधता तो जाणता होई. आणि हे सारे कंपन्यांना चांगलेच मान्य होते. टाटा कन्सल्टन्सी 1968 साली मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस 1981 साली पुण्यात. त्या काळी तयार माणूस बाजारात नव्हताच. पुढे 2000 सालाच्या तोंडावर जगातल्या जुन्या संगणकांचा घोळ निस्तरायची वेळ आली. त्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असत, त्यामुळे 1900 आणि 2000 यांत फरक पडेना. तेव्हा सिव्हिलचा, मेकॅनिकलचा, मिळेल तो पदवीधर घेऊन, काही महिने वर्गात बसवून त्याला कामाला जुंपले गेले. इन्फोसिसने म्हैसूरला हजारो मुले एका वेळी राहून शिकतील एवढे संकुल उभारले. त्या मुलांना कोणी "तुमच्यात कौशल्य नाही" असे म्हणाले नाही. कौशल्य नाही म्हणूनच तर शिकवायचे, हा व्यवहार होता. त्या व्यवहारावर हिंजवडी उभी राहिली, आणि 2024-25 या वर्षात देशातल्या या धंद्यात 58 लाख माणसे असल्याचे नॅसकॉम या त्यांच्याच संघटनेने सांगितले.

आता 2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले, आणि पाठोपाठ प्रोग्रॅम लिहिणारी यंत्रे आली. साध्या बोलीत काय हवे ते सांगावे आणि यंत्राने ते लिहून द्यावे. 2025 च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी सांगितले की त्यांच्या कंपनीतला वीस ते तीस टक्के कोड असा यंत्राने लिहिलेला आहे. हे यंत्र सर्वांत चांगले काय करते? बारीक चूक शोधते, रकाना वाढवते, तपासण्या लिहिते. म्हणजे नेमके उमेदवाराचे काम करते. मग कंपनीने हिशेब मांडला : एक जाणता माणूस आणि एक यंत्र मिळून तीन-चार नवख्यांचे काम होते, तर नवखे हवेत कशाला? हिशेब बरोबर आहे. चालू वर्षाचा हिशेब तर अगदी बिनचूक आहे.

इथे कोणी मला सांगेल, "मास्तर, हे रडगाणे जुनेच. बँकांत संगणक आले तेव्हाही तुम्ही लोक असेच ओरडत होता." या म्हणण्याला उत्तर दिले पाहिजे, कारण ते निम्मे खरे आहे. बँकांत संगणक आले ते 1983 च्या सुमारास कामगार संघटनांशी करार करून आले, असलेल्या कारकुनाला घरी न पाठवता आले, आणि त्यातून नवी कामे निघाली. माझ्या वडिलांच्या वेळी असा करार झाला नाही. 1990 नंतरच्या त्या वर्षांत एके दिवशी छापखान्यात संगणक आला, त्यात श्रीलिपी आली, आणि खिळ्यांच्या पेट्या मोडीत गेल्या. वडील पंचेचाळीस वर्षांचे होते. आज मी त्याच वयाचा आहे. मालकांनी त्यांना घरी प्रुफे तपासायला दिली, पानाला काही आणे-पैसे म्हणावेत अशा दराने. ते दिवस मी विसरलेलो नाही, आणि त्या काळी घरात कोणत्या भाजीची किती दिवस आमटी झाली तेही विसरलेलो नाही.

पण वाचकहो, एक फरक पाहा. वडिलांच्या जागी त्या संगणकावर जो बसला तो एकोणीस वर्षांचा पोरगा होता. तीन महिन्यांत तो डीटीपी शिकला. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की सायकल मारीत आमच्या घरी येई, आणि वडील ती फेडीत. त्या यंत्राने म्हाताऱ्याच्या हातचे काम घेतले, पण तरुणाला दार उघडून दिले. आजवरच्या यंत्रांची साधारण अशीच रीत होती. हे नवे यंत्र उलटे आहे. हे पिकल्या पानाला हात लावत नाही, कोंब खुडते.

ही कादंबरीकाराची कल्पना नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी लक्षावधी पगारपत्रकांचा अभ्यास करून 2025 च्या ऑगस्टमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. 22 ते 25 वर्षे वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या 2022 च्या अखेरीस सर्वांत जास्त होती. तीत जुलै 2025 पर्यंत जवळजवळ 20 टक्के घट झाली. त्याच धंद्यातल्या अधिक वयाच्या, अनुभवी लोकांची संख्या मात्र टिकून राहिली किंवा वाढली. आकडे अमेरिकेचे आहेत, हे खरे. पण हिंजवडीची चूल पेटते ती बहुतांशी त्यांच्याच लाकडांवर.

सगळे खापर यंत्राच्या माथी फोडणे मात्र अन्यायाचे होईल. कोरोनाच्या साथीत, 2021 आणि 2022 साली, कंपन्यांनी भसाभसा माणसे भरली. पुढे अमेरिकेत व्याजाचे दर चढले आणि कामे आटली. निवडपत्रे हाती असलेली मुले दोन-दोन वर्षे घरी वाट पाहत बसली, ती यंत्र अजून रांगत होते तेव्हाच. 2025 च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सीने सुमारे 12 हजार माणसे, म्हणजे आपल्या नोकरवर्गाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. ती बहुतेक मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवरची होती, आणि हे एआयमुळे नव्हे असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. बरे, नसेल. पण वरून उतरवलेली माणसेही पुन्हा त्याच रांगेत येऊन उभी राहतात, आणि रांगेत सर्वांत मागे कोण असतो ते सांगावयास नको.

या सगळ्यात कॉलेजांचा उजळ माथा पाहून मला विशेष हसू येते. मेकॅनिकल-सिव्हिलचे वर्ग ओस पडले, तसे त्यांनी संगणकाचे वर्ग वाढवले. नुसते 'कॉम्प्युटर' म्हटले तर जुने वाटेल म्हणून शाखेच्या नावापुढे 'एआय' जोडले. शिकवणारे तेच, फळा तोच. 2024-25 पासून तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या ठरलेल्या संस्थांवरची जागांची मर्यादाही उठवली. दारावरची पाटी रंगवून आतला माल बदलत नाही हे रंग विकणाऱ्यालाही कळते; आणि मी तर पाट्या रंगवणारांचाच मास्तर आहे.

माझा खरा वाद मात्र कंपन्यांशी आहे. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याची कणगी फोडून दळण घालत नाही. एखादे वर्षी फोडली तर त्या वर्षी भाकरी जास्त मिळते, यात काय संशय! आज जे जाणते आहेत, ज्यांच्या जिवावर "एक माणूस आणि एक यंत्र" हा हिशेब मांडला जातो, ते जाणते झाले कसे? पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना रकाना वाढवायला दिला म्हणून. हे लोक काही अमरपट्टा घेऊन आलेले नाहीत. अॅमेझॉनच्या क्लाउड धंद्याचे प्रमुख मॅट गार्मन यांनी 2025 च्या ऑगस्टमध्ये बोलून दाखवले की नवख्यांच्या जागी एआय आणणे हा शुद्ध मूर्खपणा आहे, दहा वर्षांनी काही शिकलेले माणूसच तुमच्यापाशी उरणार नाही. म्हणजे कळते तर सगळ्यांना. पण दहा वर्षांनी त्या खुर्चीत आपण नसू, हेही सगळ्यांना कळते.

आणि यंत्र चुकते, तेव्हा काय? ते गोंधळत नाही, लाजत नाही. बरोबर उत्तर ज्या ऐटीत देते त्याच ऐटीत चुकीचेही देते. मीटर नावाच्या एका संशोधन-संस्थेने 2025 साली सोळा अनुभवी लोकांना 246 कामे देऊन पाहिली, काही यंत्रासह, काही यंत्रावाचून. आपले काम यंत्रामुळे वीस टक्के लवकर झाले असे त्या लोकांना वाटत होते. घड्याळ सांगत होते की त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला. ती त्या वर्षीची यंत्रे होती. यंत्रे सुधारतात, तोही भाग सोडून द्या. पण मुरलेल्या माणसांचा अंदाज जिथे असा फसतो, तिथे ज्याने स्वतः कधी चूक केलीच नाही त्याला यंत्राची चूक दिसणार कशी? माझ्या वर्गात हल्ली मुले मोबाइलवर काढलेली चित्रे आणून दाखवतात. माझ्याहून सुबक असतात. पण त्या चित्रात माणसाच्या हाताला सहा बोटे आली, तर ते आधी कोणाच्या ध्यानात येते? ज्याने हात काढता काढता वही भरली आहे त्याच्या.

कोणी म्हणेल, तक्रार पुरे, करायचे काय ते सांगा. 1961 साली या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पाहा, त्या कायद्याला 'उमेदवार' हा शब्द ठाऊक आहे! 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत. तेव्हा नवी मागणीच करावी लागत नाही, जुने नुसते आठवायचे आहे. हिंजवडीची जमीन एमआयडीसीने, म्हणजे तुमच्याआमच्या सरकारने, संपादून दिली. ज्यांना दिली त्यांना दरसाल एक प्रश्न विचारता येईल : यंदा किती जणांना शिकवलेत? कामावर घेतलेत किती, हे नव्हे, शिकवलेत किती. आणि जाणत्या माणसाचा जो तास नवख्याशेजारी बसण्यात जातो तो वाया गेला असे न धरता कामात धरा, त्याची बढती त्यावरही ठरवा. कंपनीचा नफा यामुळे थोडा घटेल. घटू द्या. यंत्राचे मासिक भाडे भरताना कोणी हात आखडता घेत नाही.

हे सारे मी इतक्या तावातावाने लिहितो आहे, त्याला एक खाजगी कारण आहे. ते सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही.

माझा एक विद्यार्थी होता. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड. हात असा की मीही थांबून पाहावे. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. दहावीचा निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हा चित्रकलाच करतो म्हणतोय. तुमी सांगाल तसं." मी सांगितले. फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवणारे पेंटर रिकामे झाले, ते माझ्या डोळ्यांसमोर होते. वडिलांच्या खिळ्यांच्या पेट्याही होत्या. मी म्हणालो, "चित्रकलेत पोट भरत नाही. संगणकाला घाला. त्याला मरण नाही." पोराने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही. चार लाखांचे कर्ज काढून तो संगणकाचा इंजिनियर झाला. पदवी हाती येऊन दीड वर्ष झाले. दीडशेच्या वर अर्ज केले. निवड झालीच तर पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात, जवळपास तेवढाच जो दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मुलांना मिळत असे. पण तेवढ्यासाठीही बोलावणे नाही. जाहिरातीत वर लिहिलेले असते 'फ्रेशर हवेत' आणि खाली, 'अनुभव किमान एक वर्ष'.

गेल्या सहामाहीला त्याने आमच्या शाळेसाठी निकालपत्रकाचा प्रोग्रॅम करून दिला. फुकट. यंत्राला सांगून दहा मिनिटांत लिहून घेतला, हे त्याने लपवले नाही. पण देण्याआधी दोन दिवस तो घेऊन बसला आणि त्यात एक खोट काढली : परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलांना यंत्राने शून्य गुण धरले होते, त्यामुळे वर्गाची सरासरी खाली येत होती. आमच्यापैकी कोणाला ते कळले नसते. बेरजा सगळ्या जुळत होत्या. मी विचारले, "तुला रे कसं दिसलं हे?"

"कॉलेजच्या प्रोजेक्टला मीच हीच चूक केली होती, सर. दोन रात्री जागून सापडली होती."

वसुबारसेला तो घरी आला. आमच्या सौभाग्यवतींनी चिवडा-लाडू पुढे ठेवले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "सर, त्या प्रोग्रॅमचा अनुभवाचा दाखला मिळेल का? शाळेच्या लेटरहेडवर?"

मी मुख्याध्यापकांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, जो शाळेच्या पटावर नोकर नाही त्याला अनुभवाचा दाखला देता येत नाही, नियमात बसत नाही. तेव्हा मी माझ्याच एका कोऱ्या कागदावर, पाटीच्या अक्षरात, दाखला लिहिला. अमुक यांनी आमच्या शाळेचे निकालपत्रक तयार करून दिले व त्यातील चूक स्वतः शोधून दुरुस्त केली. खाली सही केली, हुद्दा लिहिला : चित्रकला शिक्षक. त्याने तो कागद दोनदा वाचला, घडी पडू नये म्हणून माझ्याच एका कादंबरीत ठेवून घेतला, आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "शिक्का नसला तर चालेल ना, सर?"